कशावरून?

(दृश्य: सकाळ. जेवणाचं टेबल, त्यावर वह्या, रंगीत पेन्सिली, अर्धवट सोललेला लसूण.)

आमच्या घरात शाळेची घंटा होत नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली की मुलं टेबलाशी येऊन बसतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सात. दोघंही घरीच शिकतात, आणि आम्ही राहतो पुण्यात.

गणिताचं फारसं अडलं नाही. विज्ञान तर स्वयंपाकघरात रोजच घडत असतं. अडलं ते इतिहासापाशी. कुठलं पुस्तक आणायचं, आधी काय वाचायचं, किती सांगायचं आणि कधी सांगायचं, हे काही केल्या ठरेना.

(दृश्य: अप्पा बळवंत चौक. पुस्तकांच्या दुकानांची रांग.)

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. अप्पा बळवंत चौकातून थोर पुरुषांच्या चरित्रांचा एक संच उचलून आणला. पातळ पुस्तकं, गुळगुळीत कागद, चकचकीत चित्रं. महिनाभर रोज एक वाचलं. मग एका दुपारी मुलीनं विचारलं, "आई, हे सगळे लहान असताना कधीच रडले नाहीत का गं?"

मी संच पुन्हा चाळला. खरंच, सगळ्यांचं बालपण एकाच साच्यातलं. सगळे हुशार, सगळे निर्भय, सगळे आईवडिलांच्या शब्दाबाहेर न जाणारे. नाव झाकलं तर कोण कुठला, ओळखू येऊ नये. यात मुलाला माणूस भेटत नाही आणि त्या माणसाचा काळही भेटत नाही. संच मी माळ्यावर ठेवून दिला.

बालभारतीची पुस्तकं मात्र आम्ही सोडली नाहीत. ती संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, आणि काही धडे खरोखर मेहनतीनं लिहिलेले आहेत. चौथीत शिवछत्रपती आणि पाचवीत 'इतिहास म्हणजे काय' इथपासून अश्मयुग आणि त्याच्याही पुढे, असा तिथला क्रम होता. घरी शिकवताना तो क्रम बदलायची मुभा असते. आम्ही पाचवीचं पुस्तक आधी उघडलं. इतिहास कशाच्या आधारावर सांगतात, हे मुलांना अगोदर कळावं, एवढंच मनात होतं. तिथूनच घरात एक शब्द रुजला. कशावरून?

(दृश्य: लोणावळ्याजवळचा डोंगर. पायऱ्या. कार्ल्याचं चैत्यगृह.)

हा शब्द घेऊन आम्ही कार्ल्याला गेलो. दोन हजार वर्षांपूर्वीचं चैत्यगृह, म्हणजे डोंगरात कोरलेलं बौद्ध प्रार्थनागृह. मान वर करून पाहिलं तर दगडी छताला लाकडाच्या कमानी, आणि तेही मूळचं लाकूड. मुलगा खांबांपाशी रेंगाळला. तिथे ब्राह्मी या प्राचीन लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. राजांची नाहीत, साध्या माणसांची. धेनुकाकट नावाच्या गावाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. तिथल्याच एका सुताराचं नाव एका लेखात आहे, सामी. त्यानं दाराचं काम केलं होतं.

घरी आल्यावर मुलानं वहीत एकच ओळ लिहिली. "सामी सुतार होता. कशावरून? दगडावर लिहिलंय." सात वर्षांच्या मुलासाठी इतिहासाचा एवढा धडा मला पुरेसा वाटतो.

(दृश्य: मुलगी टेबलाशी, समोर चौथीचं पुस्तक.)

आता शिवाजी महाराज. मराठी घरात हा विषय पुस्तकाच्या आधीच येतो. किल्ला करताना येतो, पोवाड्यातून येतो, आजोबांच्या गोष्टीतून येतो. प्रतापगडाची भेट, 10 नोव्हेंबर 1659, मुलीला तोंडपाठ होती. 2024 च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात पाहायला ठेवली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न ठरलेला होता. हीच ती, कशावरून?

मग आम्ही शोधत बसलो. ही वाघनखं साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा तिथला प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याच्याकडून विलायतेत गेली. सोबतच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे. त्याचा अर्थ मी तिला सांगितला: ज्या वाघनखांनी शिवाजीनं मुघल सेनापतीला मारलं, ती ही.

"मुघल?" ती थांबली. "अफजलखान तर विजापूरचा होता."

चौथीचं पुस्तक तिनंच उघडून दाखवलं. आदिलशाहीचा सरदार. म्हणजे पेटीवर लिहिणाऱ्याची चूक झाली होती. आणि ही वाघनखं प्रत्यक्ष त्याच प्रसंगातली असल्याची खातरजमा करता आलेली नाही, असं ते संग्रहालयही सांगतं. हे सांगताना मी जरा बिचकले होते. मुलीचा हिरमोड होईल, तिच्या मनातलं काही मोडेल, अशी भीती होती. तसं काही झालं नाही. महाराजांवरचं तिचं प्रेम तसंच आहे. उलट लंडनच्या पेटीवरची चूक आपल्याला सापडली, हे ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

तेव्हापासून नवं पुस्तक हातात घेतलं की मी पाहते, लेखक हे कशाच्या आधारे सांगतोय. नाणं, पत्र, ताम्रपट, बखर, खापराचा तुकडा, काहीतरी. आणि ऐकीव गोष्ट असेल तर 'असं सांगतात' म्हणायचा प्रामाणिकपणा आहे का. लहान मुलांच्या पुस्तकात हे जागा अडवतं, असं काहींना वाटतं. माझा अनुभव असा की मुलं नेमकं तिथेच थांबतात.

(दृश्य: मुलगा मोठ्यानं वाचतोय, बोट ओळीखाली.)

एक चूक मी बरेच दिवस करत होते. इतिहासाचं पुस्तक हेच वाचनाचं पुस्तक समजत होते. राज्याभिषेक, मुत्सद्देगिरी, सार्वभौम, अष्टप्रधान. नुकती जोडाक्षरं जुळवायला लागलेलं मूल अशा शब्दांशी झटापट करतं आणि गोष्ट हातातून निसटते. मग त्याला इतिहासही नको होतो आणि वाचनही.

आता दोन्ही वेगळं केलंय. इतिहास मी वाचून दाखवते, तो वयापेक्षा थोडा वरचा असला तरी चालतो. कान डोळ्यांच्या पुष्कळ पुढे असतात. मुलं स्वतः वाचतात ते मात्र सोपं, मजेचं, रोजच्या बोलीतलं. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत, मोफत आहेत आणि छापूनही घेता येतात. 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय. त्याचे जुने अंकही वाचायला मिळतात. माझ्या लहानपणीचा एक अंक मुलीबरोबर वाचताना मला चित्रं जशीच्या तशी आठवली.

(दृश्य: पुणे, बुधवार पेठ. भिडेवाड्याची जागा.)

काही पुस्तकं मी आधी एकटी वाचते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, हे सांगणं सोपं आहे. पण त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं लिहिलेला निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. मांग आणि महार समाजाला काय सोसावं लागत होतं, ते एका शाळकरी मुलीनं लिहिलंय. ते सांगायला धीर लागतो. वाचता वाचता माझाच आवाज अडखळला. मुलीनं विचारलं, "हे तिनं स्वतः लिहिलंय?" हो, स्वतः. चरित्रांच्या त्या अख्ख्या संचात मुलाच्या हातचं एक वाक्यही नव्हतं.

पुढच्या परीक्षांचं काय, असं सगळे विचारतात. राष्ट्रीय मुक्त शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पायऱ्या आहेत, त्यानंतर दहावी. ती सोय आहे.

(दृश्य: संध्याकाळ. आजी खुर्चीत, मुलगी जमिनीवर, मांडीवर वही.)

या महिन्यात मुलीनं पुस्तक बाजूला ठेवलंय. ती आजीचा इतिहास लिहितेय. माझ्या सासूबाई बीडकडच्या. 1972 च्या दुष्काळात त्या तरण्या होत्या.

"आजी, तेव्हा तुम्ही काय खायचात?"

"सुकडी मिळायची बाई. आन् मिलोची भाकरी. लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. घशाखाली उतरायची न्हाई."

"आणि काम?"

"खडी फोडायची. रस्त्याला. समदं गाव जायचं."

मुलीनं सगळं लिहून घेतलं. मग पेन्सिल थांबली. मला कळलं आता काय येणार.

"आजी, कशावरून?"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी डावा हात दिव्याखाली धरला. अंगठ्याच्या नखात मधोमध एक जुनी भेग आहे, नख तिथे नीट वाढत नाही. मी या घरात आले तेव्हापासून ती पाहतेय, आणि कधी विचारलं नव्हतं.

"हातोडी बसली हुती," त्या म्हणाल्या.

मुलीनं तो अंगठा आपल्या हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि वहीत त्याचं चित्र काढायला लागली.