काटा वर ढकलून टाकी भरत नाही

श्रोतेहो, नमस्कार. पेट्रोल संपत आलं की गाडीचा काटा खाली येतो. तो बोटानं वर सारणाऱ्याला आपण हसू. पण कुणी डावललं की आपण तेच करतो. 'मी चांगला आहे, मी चांगला आहे' असं घोकत बसतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता त्यांना असं घोकून उलट जास्तच वाईट वाटलं.

आत्मसन्मान म्हणजे हा काटा, असं मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी मांडतात. टाकी आपलेपणाची. लिअरी आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९५ मध्ये आपलेपणाची ही गरज मूलभूत मानली. ती भागायला दोन गोष्टी लागतात: वारंवार होणाऱ्या सुखाच्या भेटीगाठी आणि एकमेकांची टिकाऊ काळजी. शेकडो ओळखी असून माणूस उपाशी राहतो, तो दुसरी नसते म्हणून.

काटा किती हळवा? किपलिंग विल्यम्स यांच्या प्रयोगात संगणकावर तिघं चेंडू खेळतात. सुरुवातीला एक-दोनदा तुमच्याकडे चेंडू येतो, मग बाकीचे दोघं आपसातच फेकत राहतात. काही मिनिटांत आपलेपणा आणि आत्मसन्मान दोन्ही घसरतात. समोर माणसं नाहीत, नुसता संगणक आहे, हे आधीच सांगितलं तरीही! त्यामुळे 'एवढं काय मनाला लावून घेतोस' हा सल्ला पहिल्या तासाला तरी कुचकामी.

खरी गफलत त्यानंतर होते. भुकेल्याला सगळीकडे अन्न दिसावं तसं लक्ष लोकांच्या चेहऱ्यांवर, आवाजावर खिळतं. उत्तर उशिरा आलं, तेही नकारातच जमा. मग आपण एक तर तोडून बोलतो, नाही तर कुणाच्याही हो ला हो करतो.

म्हणून घडलेलं आधी एका वाक्यात लिहा, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. 'मला बोलावलं नाही' हे चालेल. 'मी कुणालाच नको' हे नाही. मग डोकं पूर्ण गुंतेल असं काम हाती घ्या. उगाळत बसलं की सावरायला वेळ लागतो. डावलणाऱ्याला त्याच दिवशी जाब विचारू नका. फोन करायचा तो आधीपासूनच्या एखाद्या जवळच्या माणसाला, आणि रडगाणंच गायला हवं असं नाही, त्याची विचारपूस केली तरी पुरे. तेवढंही जमत नसेल तर आपल्या माणसांचा जुना फोटो काढून बघा. पोट भरत नाही त्यानं, पण जरा धीर येतो.

महिनोन्‌महिने डावललं जात असेल, तर मात्र घरगुती उपाय पुरत नाहीत. माणूस हळूहळू भेटणंच सोडून देतो, काही वाटेनासं होतं. तिथं समुपदेशक गाठायचा, आणि जमलं तर तो गोतावळाही बदलायचा.