‘कंदिसा’: लोकगीताला मिळालेला अवकाश

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानासाठी मी एकच अल्बम निवडला आहे. ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचा ‘कंदिसा’ टाइम्स म्युझिकने २००० साली प्रकाशित केला. त्यांचा पहिला अल्बम १९९३ साली एचएमव्हीने काढला होता. १९९७ साली आलेला ‘डेझर्ट रेन’ हे पथनाट्यकार सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ दिल्लीत झालेल्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण असल्यामुळे, स्टुडिओत घडलेला त्यांचा दुसरा अल्बम ‘कंदिसा’च ठरतो. या दोन स्टुडिओ अल्बमांमध्ये सात वर्षे गेली, आणि ‘कंदिसा’ला मिळालेल्या यशाचे मर्म मला त्या सात वर्षांत दिसते.

१९९४ साली ड्रमवादक अमित किलम आल्यावर हा संच पूर्ण झाला. सुस्मित सेन यांची गिटार रागसंगीताच्या वळणाने चालणारी, राहुल राम बास वाजवता वाजवता गाणारे, आणि असीम चक्रवर्ती मांडी घालून तबला वाजवत त्याच वेळी मोकळ्या, भरदार आवाजात गाणारे. हे चौघे मंचावर वर्षानुवर्षे एकमेकांना ऐकत आले होते, म्हणूनच स्टुडिओतही कोणाला पुढे सरसावण्याची घाई झालेली दिसत नाही. अल्बममध्ये सातच रचना आहेत आणि त्यांतील बहुतेक आपल्या सवयीच्या चित्रपटगीतापेक्षा बऱ्याच लांब आहेत. तो काळ इंडिपॉपचा, म्हणजे चित्रपटाबाहेरच्या हिंदी पॉप गाण्यांचा होता. दूरचित्रवाणीवरील चित्रफितीत बसेल एवढेच गाणे असावे, अशी बाजाराची अपेक्षा असे. त्या काळात या लांबीला श्रोते मिळाले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

‘मा रेवा’ हे नर्मदेचे गीत आपल्याला परके वाटू नये. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतून नर्मदा महाराष्ट्राच्या सीमेवरून वाहते, आणि सरदार सरोवर धरणाच्या बुडीत क्षेत्रात आपल्या राज्यातील ३३ गावे आली. त्यांतील मणिबेलीचे नाव तर धरणविरोधी लढ्यामुळे देशभर पोहोचले. राहुल राम यांनी कॉर्नेल विद्यापीठात पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि परतल्यावर ते नर्मदा बचाओ आंदोलनात उतरले. नदीकाठच्या लोकांचे गाणे त्यांच्याकडे त्या सहवासातून आले. त्यामुळे या गाण्यात नदीच्या स्तुतीपलीकडे काहीही वेगळे सांगावे लागत नाही. घोषणा नाही, आक्रोश नाही. जी नदी तेव्हा अडवली जात होती तिचे निर्मळ पाणी तेवढे गायले जाते, आणि ज्याला तो संदर्भ ठाऊक आहे त्याचा गळा दाटून येतो.

शीर्षकगीताचे मूळ केरळमधील सिरियन ख्रिस्ती समाजाच्या उपासनेत आहे. ही प्रार्थना सिरियाक भाषेतील, म्हणजे अरामी भाषेच्या एका शाखेतील आहे, आणि पवित्र देवाकडे दयेची याचना करणारे तिचे मोजके शब्द पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये गायले गेले. याच परंपरेतील सिरो-मलबार चर्चमध्ये १९६२पासून उपासना मल्याळममध्ये होऊ लागली, तरी ही चाल लोकांच्या कानात राहिली. बँडने या प्रार्थनेवर वाद्यांचा भार टाकलेला नाही. आधी स्वर ठाम उभा राहतो, ताल त्याच्याभोवती हळूहळू जमत जातो, आणि गाण्याचा आवेग वाढतो तो त्याच मोजक्या शब्दांच्या आवर्तनांतून. अर्थ न कळणाऱ्या हजारो तरुणांनी महाविद्यालयांच्या मैदानांवर ही प्रार्थना एकसुरात म्हटली आहे.

‘हिलेले’बद्दल मात्र माझ्या मनात थोडी अढी आहे. गोरख पांडेय यांचे हे भोजपुरी गीत, जनतेची पलटण येत असल्याची वर्दी देणारे, मोर्च्यांत आणि सभांत गायले जात आले. बँडने त्याला दिलेला ठेका इतका झुलवणारा आहे की सभागृहात लोक नाचू लागतात, आणि कवीच्या शब्दांतील धमकी त्या आनंदात विरघळून जाते, असे मला प्रत्येक वेळी वाटते. दुसऱ्या बाजूने, ज्यांनी गोरख पांडेय यांचे नावही ऐकले नव्हते अशा कितीतरी जणांपर्यंत त्यांची ओळ याच गाण्याने नेली, हेही मला मान्य करावेच लागते.

पुढे असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९मध्ये गेले आणि २०१३ साली सुस्मित सेन बँडमधून बाहेर पडले. बँड आजही ही गाणी गातो, नव्या साथीदारांसह आणि चांगली गातो. परंतु त्या चौघांचा परस्परांशी जुळलेला श्वास ऐकायचा असेल तर ‘कंदिसा’कडेच यावे लागते. आता आपण ‘मा रेवा’ पूर्ण ऐकू. तबला आणि ड्रम यांच्यात लय कशी वाटली गेली आहे, गायकाचा श्वास सुटण्याआधीच तबल्याची थाप त्याला कशी सावरते, तिकडे कृपया विशेष लक्ष द्यावे.