व्हर्नियरवरची तारीख

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत गेलात तर बऱ्याच गेटांवर पाटी दिसेल, ‘आयएसओ ९००१ : २०१५ मानांकित’. अशाच एका मशीन शॉपमध्ये ऑडिटच्या दिवशी मी हजर होतो. मालकांनी फायली टेबलावर रचून ठेवल्या होत्या, काजूकतलीही आणली होती. ऑडिटरबाई मात्र थेट लेथपाशी गेल्या.

‘दादा, तुमचा व्हर्नियर दाखवता?’

व्हर्नियर म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन. त्याला कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप बरोबर दाखवतो ना हे तपासल्याचं, स्टिकर होतं, पण त्यावरची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली. बाईंनी दुसरा प्रश्न विचारला, ‘मग या चार महिन्यांत याच्यावर मोजलेला माल कुठं गेला?’

माल पुण्याला पोचला होता. एनसी, म्हणजे मानकाप्रमाणे काम नसल्याची नोंद, निघाली. मालक वैतागले, ‘एवढ्याशा स्टिकरपायी?’ पण तो व्हर्नियर तपासायला पाठवला, तर सहा शतांश मिलिमीटर चुकीचं दाखवत होता. ड्रॉइंगमध्ये मापात इकडंतिकडं चालण्याची सवलतच पाच शतांशाची असेल, तर असा जॉब सरळ रिजेक्ट.

इथं एक गैरसमज दूर करतो. आयएसओ ही जिनिव्हातली संस्था, १९४७ पासून काम करणारी. ती मानकं लिहिते, प्रमाणपत्र कुणालाच देत नाही. स्वतःचा लोगोही वापरू देत नाही. ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक आलं १९८७ साली, ब्रिटनच्या बीएस ५७५० या मानकाच्या पायावर. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्या संस्थांना पारखून मान्यता देण्याचं काम आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषदेचं एनएबीसीबी हे मंडळ करतं. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. मधल्या काळात दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट, म्हणजे देखरेखीची तपासणी, होते. शिवाय मानांकन मिळतं ते कामाच्या पद्धतीला. त्यामुळं लोणच्याच्या बरणीवर ‘आयएसओ मानांकित लोणचं’ असं छापणं चूकच.

‘आठ दिवसांत प्रमाणपत्र घरपोच’ म्हणणारेही भेटतात. लेथ बघायचा नाही, रजिस्टर उघडायचं नाही, पैसे भरले की कागद हजर. माझं स्पष्ट मत आहे, असले पैसे नव्या व्हर्नियरवर घालावेत. कुणी प्रमाणपत्र पुढं केलं तर त्यावरचा स्कोप, म्हणजे ते कुठल्या कामासाठी दिलंय, जरूर वाचा. कधी कधी कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, तुम्ही घेत असता आणि स्कोपमध्ये फक्त ‘ट्रेडिंग’ लिहिलेलं असतं.

तर आपले मालक. पुण्याला फोन करायला ते काही तयार होईनात. आपली चूक आपणच सांगायची, म्हणजे ऑर्डर गेलीच, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सहाला एकदाचा फोन लावला. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, ‘बॅच नंबर सांगा.’

लेथवरच्या दादांनी रजिस्टर आणलं. तारीख, शिफ्ट, बॅच, सगळं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.