क्रँक काढण्याआधी व्हर्निअर काढा

(नाशिकमध्ये जुन्या सायकली जपणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 2015 मध्ये आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत पूर्ण केली. इथून पंढरपूरला सायकलवारीही निघते. सायकल चालवण्यावर नाशकात बोलणारे भरपूर आहेत, म्हणून मी उघडण्यावर बोलतो. तेही फक्त क्रँक, म्हणजे पायडल जिच्यावर बसतं ती दांडी, उघडण्यावर.

आधी आपली काळी सायकल घेऊ. अ‍ॅटलस 1951 ची, हीरो 1956 ची. त्या पिढीच्या सायकलींना क्रँक कॉटरवर बसतो. कॉटर म्हणजे निव्वळ पाचर. साधारण साडेनऊ मिलिमीटर जाडीची, एका अंगाने तिरपी घासलेली पिन. नट तिला जागेवर धरतो, खरी पकड त्या तिरप्या अंगाची. आपल्याकडे नट काढतात आणि हातोडा घेतात. घाव बसतो आट्यांवर, टोक फुलतं, आणि मग ती पिन भोकातून जाणार कशी? वर त्या घावाचा निम्मा जोर एक्सलवरून, म्हणजे दोन्ही क्रँक जोडणाऱ्या दांड्यावरून, बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, त्या दांड्याचं बेअरिंग) छर्‍यांवर जातो आणि कपात खड्डे पडतात. पुढे कितीही ग्रीस भरा, पायडल मारताना करकर येतेच.

यासाठी कॉटर प्रेस मिळतो, म्हणजे हातात मावणारा छोटा शिकंजाच. नसेल तर बेंच व्हाइस चालतो: पिनेच्या जाड टोकाकडे एक सॉकेट ठेवायचं, म्हणजे पिनेला बाहेर यायला जागा होते, आणि आट्यांच्या बाजूने व्हाइस आवळायचा. हातोडाच वापरायचा असेल तर क्रँकखाली जमिनीपर्यंत जाड पाइपाचा टेकू द्या आणि एकच नेमका घाव घाला. दहा हलके घाव पिन फुलवतात. कॉटर वाया गेला तर जाऊ द्या, नवा स्वस्त मिळतो. कप वाचवा.

आता परदेशी माल. बिनकॉटरचा अ‍ॅल्युमिनियम क्रँक स्ट्राँगलाइट या फ्रेंच कंपनीने 1933 मध्ये आणला. एक्सलचं टोक चौकोनी आणि निमुळतं, त्यावर क्रँक बोल्टने ओढून बसवलेला. बोल्ट काढला तरी क्रँक हलत नाही. त्यासाठी पुलर लागतो: त्याचं बाहेरचं नळकांडं क्रँकच्या आट्यांत बसतं, मधला स्क्रू एक्सलला रेटतो आणि क्रँक सुटून येतो.

तर कोणता पुलर? दुकानात मिळतो तो 22 मिलिमीटरचा. शिमानो, सुगिनो, जुनी कँपाग्नोलो यांना तोच लागतो. पण टीए या फ्रेंच कंपनीचं माप 23, आणि जुन्या स्ट्राँगलाइटचं 23.35. जुन्या प्यूजोवर हे क्रँक सर्रास दिसतात.

आता इथे नीट बघा, कारण घोटाळा इथेच होतो. ही मापं पुलरच्या बाहेरच्या आट्यांची आहेत. तुम्ही व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकपट्टी, क्रँकच्या भोकात घालता तेव्हा मोजता आट्यांचे आतले माथे, आणि ते माप साधारण एक मिलिमीटर कमी येतं. भोक 21 च्या आसपास भरलं तर पुलर 22 चा. भोक 22 भरलं, तर लोक खुशीत 22 चा आणतात. हवा असतो 23 चा. आणि 22.3 च्या जवळ आलं की समजा स्ट्राँगलाइट.

23 चा पुलर 23.35 मध्ये जातो, ही त्यातली मेख. दोन-चार आटे फिरतो, धरल्यासारखा वाटतो. पण आट्यांची पूर्ण उंची पकडीत नसते. स्क्रू आवळला की पोलादापुढे अ‍ॅल्युमिनियम हरतं आणि आटे चक्क भुग्यासारखे बाहेर येतात. हाताने पूर्ण आत फिरेल आणि अजिबात डुगडुगणार नाही, तोच पुलर तुमचा.

बाकीचं पटकन सांगतो. आटे जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने साफ करा. पुलर लावण्याआधी त्याचा मधला स्क्रू पूर्ण मागे घ्या. आणि बोल्टखालचा वॉशर काढलात का, ते बॅटरी मारून बघा. काळ्या ग्रीसमध्ये तो दिसत नाही. स्क्रू त्यावरच रेटत बसतो आणि बळी आट्यांचा जातो.

(श्रोत्यांतून: आटे आधीच गेले असतील तर?)

दोन पायांचा गिअर पुलर क्रँकच्या मागून अडकवा, पण पाय चक्रीच्या दातांवर टेकवू नका. बोल्ट काढून दोन किलोमीटर चालवा, आपोआप सैल होतो, असंही सांगतात. होतो खरा, पण चौकोनी भोकही वाकडं होतं आणि तो क्रँक पुन्हा कधी घट्ट बसत नाही. मी तरी तसं करणार नाही. 23.35 चा पुलर बाजारात नाहीच मिळाला, तर सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाला गाठा. एक मिलिमीटर पिचचे, म्हणजे दोन आट्यांत एक मिलिमीटर अंतर असलेले, आटे पाडून द्यायला सांगा. फक्त जाताना क्रँक सोबत न्या, नुसतं माप तोंडी सांगू नका.

(श्रोत्यांतून: डाव्या बाजूचे आटे उलटे असतात ना?)

ते पायडलचे. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. या क्रँकचा बोल्ट आणि पुलर मात्र दोन्ही बाजूंना सुलटेच.