बदल अर्ज

श्रोतेहो, नमस्कार. सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेला कधी गेला आहात? सूचनापत्रात वेळ पाचची. पाचला पंधरा डोकी. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब, आणि साडेपाचला त्याच जागी, त्याच पंधरा जणांत पुन्हा सुरू.

या पंधरा जणांना हसू नका. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. इतकी वर्षं संस्था टिकतात त्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्या, छप्पर गळलं तर घरची ताडपत्री आणणाऱ्या माणसांमुळे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता तक्रार करणार आहे.

मी एका छोट्या वाचनालयाचा चिटणीस. पूर्वी आमच्याकडे चिठ्ठी द्यायची आणि कर्मचारी आतून पुस्तक आणून देणार, अशी रीत. मुक्तद्वार करा, वाचकाला कपाटांपर्यंत जाऊ द्या, म्हणून एक तरणा सभासद तीन वर्षं भांडला. "पुस्तकं चोरीला जातील, वाचकांना शिस्त नाही," असं ज्येष्ठांनी सुनावलं. दोन वर्षं इतिवृत्तात मी लिहिलं, 'विषय पुढील सभेपर्यंत स्थगित.' तिसऱ्या वर्षी ठराव झाला.

तो तरणा सभासद म्हणजे आजचे आमचे काका. परवा तरुण मंडळींनी सूची संगणकावर घेण्याचा विषय मांडला, तर काका उठले. "वीज गेली तर? आपल्या वाचकांना हे जमायचं नाही." मी वही उघडली आणि पुन्हा तेच वाक्य लिहिलं. त्यातून आमच्या घटनेत मत फक्त आजीव सभासदांना. कधीकाळी एकदाच पैसे भरलेल्याचा हात वर होतो, दरमहा वर्गणी देणारी कॉलेजची मुलगी नुसती ऐकत बसते. हे मला पटत नाही.

विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नव्वद दिवसांत 'बदल अर्ज' द्यावा लागतो. त्यावर आपल्याच एखाद्या जुन्या सभासदानं हरकत घेतली की तो अर्ज वर्षानुवर्षं पडून. माणसांच्या बदलाला निदान अर्ज तरी आहे!

काकांची खरी हरकत कार्यक्रमपत्रिकेवर नव्हतीच. सभा संपल्यावर ते सूचीच्या लाकडी खणापाशी उभे होते. कार्डांच्या भोकांतून गेलेली पितळी सळई, आणि कार्डावर काळ्या शाईतलं त्यांचं अक्षर. ऑफिस सुटल्यावर रोज तासभर बसून त्यांनी ती लिहिली होती. "हे आता रद्दीत जाणार ना?" त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. ते सुचलं त्या कॉलेजच्या मुलीला. "काका, काही कार्डांवरचं अक्षर मला लागत नाही. वाचून दाखवाल?"

ठरावाला त्यांचा विरोध अजून कायम आहे. पण सोमवारी संध्याकाळी ते कार्ड वाचतात, ती टाइप करते. मध्येच ओरडतात, "दाखल क्रमांक आधी!" वाचून झालेलं कार्ड ते स्वतः परत सळईत ओवतात.