दोरी बारीक असली म्हणून काय झालं?

फादर, सिस्टर्स आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘अनासक्ती आणि आध्यात्मिक स्वातंत्र्य : कार्मेल मठाची वाट’. कार्मेल म्हणजे मौन आणि प्रार्थनेला वाहून घेतलेल्या बंधूंचा आणि सिस्टर्सचा कॅथलिक संघ. मी तीन टप्प्यांत बोलणार असं फादरना कबूल केलंय. वस्तूंची आसक्ती, माणसांची आसक्ती आणि तिसरी, सगळ्यात चिवट, खुद्द भक्तीतली आसक्ती. पण त्याआधी मनातलं एक बोलून टाकतो, बरीच वर्षं साचलंय ते.

ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्तकाळ लागला की आपल्या घराघरांत याद्या निघतात, मटण बंद, दारू बंद, सिरियल बंद, आता तर पोरं इन्स्टा पण बंद करतात. चांगलंच आहे, मी पण पाळतो. पण ईस्टरला सगळं दुपटीने वसूल होतं आणि मधल्या चाळीस दिवसांत आपण नेमके कशापासून मोकळे झालो हे कुणी विचारत नाही. आणि त्याच दिवसांत, त्याच मटण सोडलेल्या माणसाच्या चर्चमधल्या नेहमीच्या बाकावर कुणी पाहुणा येऊन बसू दे, कपाळावरची आठी बघा! हसताय, पण आपल्यापैकी प्रत्येकाचा एक बाक ठरलेला आहे. आमच्या ओळखीतल्या दोन घरांचं कित्येक वर्षं बोलणं बंद होतं, जमिनीचा वाद नाही, बांधाचा नाही, कारण काय तर सणाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बायबलचं पहिलं वाचन कुणी करायचं. दोन्ही घरं शुक्रवार कडक पाळणारी. मला याचं फार वाईट वाटतं हो, कारण ही चांगली माणसं आहेत, आणि त्यांना लहानपणापासून एवढंच शिकवलं गेलं की सोडायचं म्हणजे ताटातलं काहीतरी सोडायचं.

आता कार्मेलच्या ज्या संताने ही वाट दाखवली त्या योहानकडे येतो. क्रुसाचा संत योहान, १५४२ साली स्पेनमध्ये फोंतिवेरोस गावात जन्मला. वडील चांगल्या घरचे, पण गरीब विणकर बाईशी लग्न केलं म्हणून घरच्यांनी तोडून टाकले, आणि योहान लहान असतानाच ते वारले. आई पोरांना घेऊन गावोगाव काम शोधत फिरली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण ‘वैराग्य हे पोट भरलेल्यांचं काम’ असं आपल्यात म्हणतात. या माणसाने उपासमार पाहिली होती, स्पेनमधल्याच मदिना गावच्या इस्पितळात रोग्यांची सेवा करत तो शिकला. त्यामुळे तो ‘काहीच नको’ म्हणतो तेव्हा ते ऐकायला पाहिजे.

अविलाच्या संत तेरेजाने कार्मेल संघाच्या सुधारणेचं काम काढलं त्यात हा तरुण फादर सामील झाला, आणि जुन्या शिस्तीच्या बंधूंना ते खपेना. २ डिसेंबर १५७७ च्या रात्री अविला शहरातून त्याला उचललं आणि तोलेदो शहरातल्या मठात नेऊन डांबलं. कुणी? त्याच्याच संघाच्या लोकांनी. तेरेजाने दोन दिवसांत थेट राजा फिलिपला पत्र लिहिलं, उपयोग झाला नाही. खोली केवढी म्हणाल तर साधारण सहा फूट बाय दहा फूट, आधी तिचा संडास म्हणून वापर व्हायचा. उंचावर एक फट, तिच्यातून येणाऱ्या उजेडात बाकड्यावर उभं राहून प्रार्थनापुस्तक वाचायचं. जेवायला पाव, पाणी, कधी सार्डिन मासे. जेवणघरात नेऊन सगळ्यांच्या मध्ये गुडघ्यावर बसवून चाबकाचे फटके. नऊ महिने हे चाललं, हिवाळ्यातली थंडी आणि तोलेदोचा उन्हाळा, अंगावर तेच कपडे.

१५ ऑगस्टच्या आदल्या दिवशी मठप्रमुख खोलीत आले, त्यांनी विचारलं कसला विचार करतोस, तर हा म्हणाला, उद्या मारियामातेचा सण, मिस्सा करायला मिळाला तर मोठं समाधान वाटेल. उत्तर आलं, माझ्या कारकिर्दीत नाही. एक धर्मगुरू, त्याला नऊ महिने वेदीपाशी जाऊ दिलेलं नाही, सणाला सुद्धा नाही. वस्तू गेल्या, मित्र गेले, नाव गेलं, आणि आता मिस्साही गेला. माझा सगळा मुद्दा या खोलीत आहे, म्हणून मी इथे रेंगाळतोय, फादर सांभाळून घ्या.

कारण याच खोलीत त्याने त्याच्या सगळ्यात सुंदर प्रेमकविता रचल्या. आत्मा देवाला शोधत डोंगरदऱ्यांतून फिरतो, नद्या आहेत, फुलं आहेत, हरणं आहेत, आणि हे सगळं कुठे तर त्या अंधाऱ्या खोलीत! नंतर आलेला पहारेकरी दयाळू होता, त्याने कागद आणि शाई दिली म्हणून ते उतरलं.

आता मला नेहमी विचारतात की एवढा विरक्त होता तर मग पळाला कशाला? बसायचं होतं तिथेच देवाची इच्छा म्हणून. नाही! अनासक्ती म्हणजे पुढ्यात येईल ते मुकाट सोसणं नव्हे. कपडे शिवायला मिळालेल्या दोऱ्याला दगड बांधून त्याने खिडकीची उंची मोजली, कुलपाचे खिळे रोज थोडे थोडे सैल केले, पांघरुणं फाडून पट्ट्या शिवल्या आणि ऑगस्टमधल्या एका रात्री भिंतीवरून उतरला. दोर कमी पडला, उरलेल्या उंचीवरून उडी टाकली. एवढं डोकं शांत ठेवून हे कोण करू शकतं? ज्याला जिवाची भीतीही चिकटलेली नाही तोच. आणि जायच्या आधी त्या पहारेकऱ्याची माफी मागितली, तुम्हाला माझ्यामुळे त्रास झाला म्हणाला, आणि स्वतःजवळचा छोटा क्रूस त्याला देऊन टाकला. हा क्रूस त्याला कुणा पवित्र व्यक्तीकडून मिळालेला होता. त्या कोठडीत त्याच्याकडे तेवढीच मोलाची वस्तू होती हो, आणि ती दिली जेलरला!

तोलेदोच्या कार्मेलाइट सिस्टर्सनी त्याला लपवलं. उभं राहवत नव्हतं, त्यांनी दालचिनी घालून शिजवलेले पेअर खाऊ घातले, आणि खाता खाता हा त्यांना कविता म्हणून दाखवत होता. पुढे बेआस गावच्या मठातल्या सिस्टर्सना त्या कविता दिल्या, समजावून सांगितल्या, त्याही त्याने स्वतःपाशी ठेवल्या नाहीत.

बरं, वेळ संपत आलाय, फादर घड्याळ बघतायत. तीन टप्पे पटापट घेतो.

पहिला, वस्तू. ‘कार्मेल पर्वताची चढण’ या आपल्या पुस्तकात योहान म्हणतो, पाखराला बारीक दोऱ्याने बांधलं काय आणि जाड दोराने बांधलं काय, तुटेपर्यंत ते उडणार नाही. आणि बारीक दोऱ्यांची यादी देतो ती ऐका, जास्त बोलायची सवय, एखादं माणूस, एखादा कपडा, पुस्तक, खोली, अमुकच प्रकारचं जेवण, गप्पा. सगळ्या साध्या, रोजच्या गोष्टी, पाप म्हणावं असं त्यात काही नाही. कार्मेलच्या सिस्टर्स म्हणूनच ‘माझा दिवा’ म्हणत नाहीत, ‘आमचा दिवा’ म्हणतात. लिझ्यूच्या छोट्या तेरेजाचा, म्हणजे पुढच्या काळातल्या फ्रान्समधल्या कार्मेलच्या संत तेरेजाचा, दिवा एका रात्री दुसऱ्या सिस्टरने चुकून नेला, मौनाची वेळ, विचारता येईना, काम पडलेलं, आणि ती अंधारात बसून राहिली. ती लिहिते की मला आनंद झाला, कारण गरिबी म्हणजे छान वस्तू नसणं एवढंच नाही, गरजेची वस्तूही नसणं.

दुसरा, माणसं. इथे लोक घाबरतात, त्यांना वाटतं बायकापोरांवर प्रेम करू नका असं सांगतोय. १५९१ मध्ये योहानला त्याच्याच सुधारलेल्या संघाने सगळ्या पदांवरून बाजूला केलं, त्याच्या बाजूने सिस्टर्स चिडल्या, तर त्याने सेगोवियाच्या एका सिस्टरला लिहिलं की जिथे प्रेम नाही तिथे प्रेम पेरा, म्हणजे प्रेमच उगवेल. पद गेलेला माणूस हे लिहितोय! मला समोरच्याकडून काही मिळवायचं नसेल तरच मी त्याच्यावर मनापासून प्रेम करू शकतो, मुलांवर सुद्धा. मुलगा आपल्या मनासारखा निघाला नाही की आपलं प्रेम आटतं ना, तिथे तपासून बघा.

तिसरा, आणि यासाठीच मी आलो होतो. प्रार्थनेत गोड वाटतं, डोळे भरून येतात, मग आपण त्या गोडीच्या मागे लागतो, या रिट्रीटवरून त्या रिट्रीटला, या फादरांच्या प्रवचनावरून त्या फादरांच्या. घरात रोझऱ्या, म्हणजे जपमाळा, किती, कुठली लुर्दची, कुठली रोमची. योहान लिहितो की मी माशाच्या कण्याच्या हाडांच्या मण्यांवर जप करणारा माणूस पाहिलाय, आणि त्याची भक्ती तेवढ्याने कमी मोलाची नव्हती. दुसरा एक, चांगला समंजस, आशीर्वादित फांदीचा ओबडधोबड क्रूस, वाकवलेल्या टाचणीने जोडलेला, दहा वर्षांहून जास्त जवळ बाळगून होता, ‘मी काढून घेईपर्यंत’ असं योहान लिहितो. का काढून घेतला ते योहान सांगत नाही. मला वाटतं तेवढा एकच दोरा राहिला होता म्हणून. मग एक दिवस देव गोडीही काढून घेतो, प्रार्थना कोरडी पडते, आणि आपण म्हणतो माझं काहीतरी चुकलं. नेहमी चुकलेलं नसतं. ती योहानची काळी रात्र, तिथे माणूस देवाकडून काही मिळावं म्हणून नाही तर देवासाठी देवापाशी बसायला शिकतो. बेआसच्या सिस्टर्ससाठी त्याने पर्वताचं चित्र काढलं, वाटेवर सगळीकडे लिहिलंय काही नाही, काही नाही, आणि वर, माथ्याशी, इथून पुढे वाट नाही कारण नीतिमान माणसाला नियम नाही.

याच्यावर बोलायला अजून एक संध्याकाळ लागेल, फादरांनी बोलावलं तर येईन. ‘चढण’ इंग्रजीत सहज मिळतं, पहिल्या भागाचा अकरावा अध्याय आधी वाचा, छोटा आहे, आणि ती यादी वाचताना शेजारच्याचं नाव मनात आणू नका. प्रश्न असतील तर मी बाहेर थांबतो.