पहिल्या तिघांतले दोघं घेतले, तरी रटगर्स १५-१७ का? हायस्कूल रिक्रूटवर लक्ष कसं ठेवायचं

नमस्कार मंडळी. आज सुरुवात थेट आकड्यानं करू. १५ विजय, १७ पराभव.

हा आकडा रटगर्सचा, न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा, हंगाम २०२४-२५. त्या वर्षी हायस्कूलमधून बाहेर पडलेल्या खेळाडूंच्या, म्हणजे कॉलेजं ज्यांना आपल्या संघात ओढतात त्या रिक्रूटच्या, क्रमवारीच्या याद्या काढून बघा. वर कूपर फ्लॅग, तो ड्यूक विद्यापीठाला गेला. त्याच्या पाठोपाठ डिलन हार्पर आणि एस बेली. हे दोघंही रटगर्सला! एरवी अशी मुलं ड्यूक, केंटकी, कॅन्ससची वाट धरतात. एडिसन-पिस्कॅटवे पट्ट्यात मराठी घरं काही कमी नाहीत, आणि रटगर्सचं मैदान पिस्कॅटवेतच. म्हणजे हा संघ आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या गल्लीतलाच म्हणा ना.

हंगामाआधीच्या एपी यादीत, म्हणजे असोसिएटेड प्रेसच्या पहिल्या २५ संघांच्या क्रमवारीत, रटगर्स २५वं. नोव्हेंबरात केनेसॉ स्टेटकडून ७९-७७नं हार, डिसेंबरात प्रिन्स्टनकडून ८३-८२नं. मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत, जागाच मिळाली नाही. आणि जूनमध्ये एनबीए ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, हार्पर दुसरा, बेली पाचवा.

म्हणजे याद्या चुकल्या होत्या का? अजिबात नाही. हार्परनं सामन्यामागे १९.४ गुण काढले, बेलीनं १७.६. यादीनं जे सांगितलं होतं ते खरं ठरलं. घोटाळा आपल्या वाचण्यात आहे. ही रँकिंग लावणारी मंडळी, २४७ स्पोर्ट्स असो, रायव्हल्स असो, ईएसपीएन असो, मुख्यतः एवढंच बघतात की हा मुलगा पुढे एनबीएच्या लायकीचा होईल का. तुमचा संघ येत्या जानेवारीत किती सामने जिंकेल, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो. चाहते मात्र तेच उत्तर त्या यादीत शोधत बसतात.

मग बघायचं काय? एक कागद घ्या.

(स्क्रीनवर: कोरा कागद, १५ आडव्या ओळी)

१५ ओळी, कारण घरच्या करारात सामील झालेल्या कॉलेजांना २०२५-२६पासून पुरुष संघात जास्तीत जास्त १५ खेळाडू ठेवता येतात. त्याआधी मर्यादा १३ स्कॉलरशिपची होती. "घरचा करार" म्हणजे हाउस खटल्याची, खेळाडूंच्या पैशावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या खटल्याची, तडजोड बरं का, नाव गमतीशीर आहे. पण कागदावर या. प्रत्येक ओळीत खेळाडूचं नाव, उंची, खेळायची जागा, कॉलेजातलं कितवं वर्ष, आणि शेवटच्या रकान्यात "पुढच्या वर्षी आहे की नाही". नाव पेनानं लिहा, शेवटचा रकाना पेन्सिलनं. खोडरबर जवळ ठेवा, एप्रिलमध्ये लागतंच.

आता २०२४च्या उन्हाळ्यातला रटगर्सचा कागद डोळ्यांपुढे आणा. आत येणारे हार्पर आणि बेली, सगळ्यांचं लक्ष तिकडे. बाहेर जाणाऱ्यांकडे किती जणांनी पाहिलं? क्लिफर्ड ओमोरुयी, ६ फूट ११ इंच, बास्केटखाली उभा राहून समोरच्याचे फटके अडवणारा माणूस, अलाबामाला गेला. मावोट मॅग, बचावातला दुसरा भरवशाचा गडी, बीवाययूला (ब्रिघम यंग विद्यापीठाला). दोन्ही ओळी खोडायच्या. आता विचारा, यांच्या जागी कोण? हार्पर हा चेंडू हातात घेऊन खेळ उभा करणारा गार्ड. बेली लांब हाताचा, उडी मारून फटका घेणारा फॉरवर्ड. दोघं उत्तम, पण ओमोरुयीचं काम दोघांपैकी कुणाचंच नव्हे. घराला गच्ची बांधली आणि पायाचा दगड काढून नेला, असा तो प्रकार.

त्याच वर्षी ड्यूकचा कागद कसा होता बघा. फ्लॅग, कॉन क्नूपल, खामन मालुआच ही नवी पोरं, आणि त्यांच्या शेजारी टुलेनमध्ये चार हंगाम काढून आलेला सायन जेम्स, पर्ड्यूहून आलेला मेसन गिलिस, तिसऱ्या वर्षातला टायरीस प्रॉक्टर. ३५ विजय, ४ पराभव, शेवटच्या चार संघांत प्रवेश. विजेतं ठरलं फ्लोरिडा. त्यांच्या सुरुवातीच्या पाचांतले चौघं दुसऱ्या कॉलेजातून बदलून आलेले. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, २०१८ साली सुरू झालं. एप्रिल २०२४पासून तर अभ्यासाच्या अटी पाळल्या की कितीही वेळा कॉलेज बदला, वर्षभर बाकावर बसावं लागत नाही. त्यामुळे १८ वर्षांच्या रिक्रूटची गाठ २२-२३ वर्षांच्या, चार-पाच वर्षं कॉलेजच्या व्यायामशाळेत घाम गाळलेल्या गड्यांशी पडते. वय हा रकाना कागदावर नसेल तर आत्ताच जोडा.

वयाचा आणखी एक मुद्दा. "रिक्लास" हा शब्द कानावर येईल. म्हणजे मुलगा एक वर्ष आधी शाळा संपवून कॉलेजात येतो. फ्लॅग मुळात २०२५च्या तुकडीतला, २०२४मध्ये आला. पहिला कॉलेज सामना खेळला तेव्हा तो १७ वर्षांचा होता, आणि योगायोग असा की समोर त्याच्याच मेन राज्याचं विद्यापीठ होतं. म्हणून एखादं नाव २०२७च्या यादीतून अचानक गायब झालं तर घाबरू नका, आधी २०२६ची यादी उघडा.

आता शब्दांचा गोंधळ सोडवू, कारण निम्मे वाद इथेच होतात. ऑफर म्हणजे कोच म्हणाला, "तुझ्यासाठी जागा आहे." तोंडी असते, बंधन कुणावर नाही. एका जागेसाठी चार मुलांना ऑफर असू शकते. मुलाच्या नावापुढे २० ऑफर दिसल्या तर त्यातल्या किती आज उघड्या आहेत हे विचारावं. कमिट म्हणजे मुलगा म्हणाला, "मी येतो." टेबलावर टोप्या मांडतात, एक उचलून डोक्यावर घालतात, तो सोहळा. हीही तोंडीच. मुलगा मागे फिरू शकतो, त्याला डीकमिट म्हणतात. साइन म्हणजे सही. ही खरी पायरी. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट होतं, १९६४पासूनचं, ते ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झालं. आता थेट आर्थिक मदतीच्या करारावर सही होते. नोव्हेंबरात एक आठवडा, मग वसंतात पुन्हा. सही झाली की दुसऱ्या कॉलेजांनी त्या मुलामागे लागायचं नाही.

आणि सही होईपर्यंत कोचला त्या मुलाविषयी जाहीरपणे कौतुकाचे चार शब्दही बोलता येत नाहीत, नियमच आहे. त्यामुळे "आपला कोच त्या पोराबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणजे रस नाही" हा निष्कर्ष काढू नका.

वेळापत्रक आपल्या हिशोबानं सांगतो. त्यांचं सोफोमोर वर्ष म्हणजे आपली दहावी धरा. ती संपल्यावर १५ जूनपासून कॉलेजचे कोच मुलाला थेट फोन, मेसेज करू शकतात. त्या दिवशी मध्यरात्री "अमुक कॉलेजचा फोन आला"च्या पोस्ट धो धो पडतात, त्यांना फार किंमत देऊ नका. खरं बघायचं ते जुलैत. नायकीची ईवायबीएल, आदिदासची थ्री एसएसबी, अंडर आर्मरची यूएए या उन्हाळी लीग, आणि त्यातला मुकुटमणी पीच जॅम, साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टा गावी. तिथे कोण बसलंय हे बघा. मुख्य कोच स्वतः एकाच मुलाच्या सलग तीन सामन्यांना पहिल्या रांगेत दिसला, तर ती २० ऑफरच्या पोस्टपेक्षा मोठी बातमी.

(स्क्रीनवर: दोन अर्धवर्तुळं, एक आत, एक बाहेर)

आता व्हिडिओ कसा बघायचा. हायलाइट्स बघून मत बनवू नका. त्यात चुकलेला एकही फटका नसतो, बचाव तर नसतोच. पूर्ण सामना मिळाला तर तोच बघा. आणि ही दोन अर्धवर्तुळं लक्षात ठेवा. हायस्कूलची तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर. कॉलेजमध्ये पुरुषांची २२ फूट पावणेदोन इंचांवर. म्हणजे जवळजवळ दोन फूट पावणेपाच इंच मागे सरकायचं, तेही अंगावर मोठा माणूस धावून येत असताना. हायस्कूलमध्ये ४० टक्के मारणारा पोरगा पहिल्या डिसेंबरात ३० टक्क्यांवर आला तर त्यात नवल काय.

म्हणून नेमबाजी जोखायची तर फ्री थ्रोची, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्याची, टक्केवारी बघा. ती रेषा शाळेत, कॉलेजात, एनबीएत सगळीकडे १५ फुटांवरच. अडवायला कुणी नाही, फक्त हात आणि बास्केट. त्यात नमुनाही मोठा मिळतो. उन्हाळी लीगमध्ये मुलगा तीनचे ३०-४० फटके मारतो, त्यात दोन आत-बाहेर झाले की टक्केवारी पार बदलते. कॉलेजातलीच जोडी घ्या: क्नूपल ड्यूकमध्ये फ्री थ्रोत ९१.४ टक्के, तीनच्या फटक्यात ४०.६. बेली रटगर्समध्ये ६९.२ आणि ३४.६. प्रत्येक वेळी इतकं चपखल बसेलच असं नाही, पण दोन्ही आकडे बहुधा एकाच दिशेला जातात.

हायस्कूलचा सामना ३२ मिनिटांचा, कॉलेजचा ४०. तुलना करताना सव्वापट करा. म्हणजे २० गुण हे २५ झाले, खूश. पण थांबा, हायस्कूलमध्ये काही राज्यांत शॉट क्लॉकच (फटका मारायची वेळमर्यादा) नाही आणि कॉलेजात ३० सेकंदांचा. समोरचा संघ कसा आहे तेही पाहायचं. गुणांपेक्षा रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा पकडलेला चेंडू), चोरलेले चेंडू, अडवलेले फटके हे आकडे वरच्या पातळीवर जास्त टिकतात, कारण ते अंगकाठी आणि नजरेवर अवलंबून असतात. गार्ड असेल तर असिस्ट (ज्यावर सोबत्यानं बास्केट केलं तो पास) आणि गमावलेले चेंडू शेजारी शेजारी लिहा. एकास एक असेल तर कॉलेजच्या दडपणाखाली ते उलटं होणार हे धरून चाला.

उंचीबद्दल एक सांगतो. संकेतस्थळावरची उंची बुटांसकट आणि थोडी प्रेमानं लिहिलेली असते. एखाद-दीड इंच मनातल्या मनात वजा करून टाका.

आता सगळ्यात मोठा धक्का कुठून बसतो? मुलगा पलटला म्हणून क्वचित. कोच गेला म्हणून कायम. एप्रिल २०२४, जॉन कॅलिपारी १५ वर्षांनी केंटकी सोडून आर्कान्सॉला गेले. केंटकीला कमिट झालेले बूगी फ्लँड, कार्टर नॉक्स, बिली रिचमंड त्यांच्या पाठोपाठ आर्कान्सॉला. जेडन क्वेंटन्स अॅरिझोना स्टेटला. केंटकीत कोण राहिलं? ट्रॅव्हिस पेरी, त्याच राज्यातल्या लायन काउंटीचा, केंटकीच्या हायस्कूल इतिहासात सर्वाधिक गुण काढलेला. म्हणजे कागदावर आणखी एक रकाना: हा मुलगा कुणासाठी येतोय? कोचसाठी, की कॉलेजसाठी? हार्परचं उत्तर सोपं होतं. थोरला भाऊ रॉन ज्युनिअर रटगर्सलाच खेळलेला आणि डिलनची शाळा डॉन बॉस्को न्यू जर्सीतलीच. वडील रॉन हार्पर एनबीएत पाच विजेतेपदं मिळवलेले, म्हणजे घरात भाबडा सल्ला मिळण्याची शक्यता कमी.

पैशाबद्दल थोडक्यात. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना नाव आणि चेहऱ्यावर कमाई करता येते. २०२५-२६पासून करारातली कॉलेजं स्वतःही पैसे देतात, सगळ्या खेळांना मिळून पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातला बास्केटबॉलचा वाटा कॉलेज ठरवतं. एकेका मुलाचा करार सहसा जाहीर होत नाही. तेव्हा "त्याला तिकडून तीस लाख मिळाले" हे कुणी छातीठोक सांगत असेल तर विचारा, कागद पाहिलास का?

भाकितांचंही तेच. २४७ स्पोर्ट्सचा क्रिस्टल बॉल म्हणजे मुलगा कुठल्या कॉलेजला जाईल याचे पत्रकारांचे अंदाज. बघताना टक्केवारीकडे जाऊ नका, तारखेकडे जा. सहा महिने जुने आठ अंदाज एका पारड्यात आणि काल रात्री पाठोपाठ पडलेले तीन दुसऱ्या पारड्यात, तर दुसरं जड. आणि बातमी देणाऱ्या खात्याचं स्पेलिंग नीट वाचा. एक अक्षर बदलून बनवलेली खोटी खाती सहीच्या आठवड्यात उगवतातच.

शेवटची गोष्ट जरा कडक आवाजात. त्या मुलांना मेसेज करू नका. "आमच्याकडे ये" नाही, आणि दुसरीकडे गेला तर शिव्या तर नाहीच नाही. १६-१७ वर्षांची पोरं आहेत ती. शिवाय कॉलेजं याकडे गंमत म्हणून बघत नाहीत. २००९मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या एका विद्यार्थ्यानं त्या वेळचा गाजलेला रिक्रूट जॉन वॉल याला आपल्याकडे आणा म्हणून फेसबुकवर गट काढला, तर त्याच्याच विद्यापीठानं त्याला ते थांबवण्याचं पत्र धाडलं. वॉल गेला केंटकीला.

१५ ओळींचा कोरा तक्ता खाली डिस्क्रिप्शनमध्ये ठेवलाय. आपापल्या संघाचा भरा, आणि भरताना आधी जाणाऱ्यांची नावं लिहा.